गादीखाली ओल, खणात कुबट वास: कॅम्पर व्हॅनमधला पलंग कोरडा कसा ठेवायचा

लहान कॅम्पर व्हॅनमध्ये सामान ठेवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे पलंगाखालचा खण. टेम्पो ट्रॅव्हलरएवढ्या गाडीत सहा बाय चार फुटांचा पलंग केला आणि त्याखाली पंधरा इंच उंची ठेवली, तर जवळजवळ ८५० लिटर जागा मिळते. दोन माणसांचं आठवड्याचं सामान त्यात आरामात बसतं. तरीही दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांमध्ये हा खण बहुतेक वेळा अर्धाच भरलेला असतो. आत ठेवलेल्या कपड्यांना वास येतो, चादरी दमट लागतात, म्हणून लोक बॅगा मधल्या वाटेत ठेवतात आणि रात्री झोपताना पुढच्या सीटवर हलवतात. ओल गेली की तीच जागा पुन्हा वापरात येते, गादीही टिकते आणि झोपही बरी लागते.

हे काम मी इतक्या वेळा केलंय की मालकाने गादी उचलण्याआधीच खालचा डाग कुठे असेल याचा अंदाज येतो. मात्र अंदाजावर काम सुरू करू नये. ओल तीच दिसते, पण पाणी चार वेगवेगळ्या वाटांनी आलेलं असू शकतं: झोपणाऱ्यांच्या श्वासातून, गाडीतल्या टाकी-पाइपातून, एसीमुळे, किंवा बाहेरच्या पावसातून. प्रत्येकाचा इलाज वेगळा. बरेचसे लोक गळती समजून छतावर सिलिकॉन फासून येतात, आणि पाणी मात्र आतल्या वाफेचं निघतं.

लक्षणं

गादी उचलल्यावर तिची खालची बाजू गार आणि चिकट लागते. प्लायवर गादीच्या, किंवा झोपलेल्या माणसाच्या आकाराचा गडद पट्टा दिसतो. काळे ठिपके आधी पत्र्याला टेकलेल्या कडेला येतात, मधे उशिरा. गाडीत आडवं झोपत असाल तर डोकं आणि पाय जिथे भिंतीला लागतात तिथे हे सगळ्यात आधी होतं.

खणात ठेवलेल्या चामड्याच्या बुटांवर, पट्ट्यावर, कॅमेऱ्याच्या बॅगेवर पांढुरकी बुरशी धरते. स्वेटर, शाली यांना कुबट वास येतो आणि धुऊनही तो परत येतो. बिजागऱ्या आणि स्क्रूची डोकी गंजतात. पुढची पायरी म्हणजे प्लायच्या कडा फुगतात आणि खणाचं झाकण किंवा ड्रॉवर अडकायला लागतो. तिथपर्यंत गेलं असेल तर ओल बऱ्याच महिन्यांची आहे असं समजा.

सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ दिसतात का, हेही लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पैसे न खर्च करता: रिकामं करा, वाळवा, मग पाहा

सगळं सामान बाहेर काढा. गादी उन्हात उभी करा. खण कोरड्या फडक्याने पुसा आणि दारं उघडी ठेवून पूर्ण दिवस वाळू द्या. ओल्यावर ओल आली तर काहीच कळत नाही, म्हणून ही पायरी टाळू नका.

खण वाळला की तळाशी वर्तमानपत्राचे कागद पसरा आणि प्रत्येक कागदावर पेनने जागा लिहा: डावा कोपरा, चाकाच्या कमानीवर, टाकीजवळ, मागच्या दाराजवळ. आता गाडी वेगवेगळ्या परिस्थितीत वापरा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. कोरड्या हवेत, टाकी रिकामी ठेवून, दोन रात्री झोपा आणि कागद पाहा. मग टाकी भरा, पण गाडीत झोपू नका. मग पाऊस असेल तेव्हा रिकामी गाडी बाहेर उभी करा. शेवटी पावसात चालवून आणा. उभ्या गाडीत न येणारं पाणी चालत्या गाडीत येतं, कारण चाकं उडवतात ते पाणी खालून जोरात लागतं.

झोपल्यावरच ओल येत असेल तर ती वाफ. टाकी भरल्यावर येत असेल तर पाइप किंवा जोड. पावसानंतर, आणि तीही एकाच कोपऱ्यात, येत असेल तर गळती. फक्त एसी चालवल्यावर येत असेल तर एसीच्या पाण्याचा निचरा किंवा थंड झालेला पत्रा. एवढ्या एका तपासणीने निम्मं काम होतं, आणि खर्च शून्य. याला आठवडा-दोन आठवडे लागतात म्हणून लोक कंटाळतात. पण चुकीच्या जागी केलेलं काम उकलायला त्याहून जास्त वेळ आणि पैसा जातो.

वाफेचा हिशेब

रात्रीची वाफ किती असते याचा लोकांना अंदाज नसतो. एक माणूस रात्रभरात श्वास आणि घाम मिळून साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी सोडतो. दोघांचं धरा अर्धा ते एक लिटर. २० अंश तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. गाडीच्या आत बारा घनमीटर हवा असेल तर ती दोनशे ग्रॅमला भरली. उरलेलं पाणी जाणार कुठे? जिथे सगळ्यात गार जागा सापडेल तिथे ते बसतं. काचेवर दिसतं आणि आपण पुसतो. पत्र्याच्या आतून आणि गादीखाली बसतं ते दिसत नाही.

त्यात गॅस. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. संध्याकाळी दारं लावून आत भात आणि चहा केला की ते पाणी हवेत मिसळलं, वर भाताची वाफ वेगळी. थंडीत महाबळेश्वर, पाचगणीच्या बाजूला मुक्काम असेल तर बाहेर पत्रा दहा-बारा अंशांवर आणि आत माणसांच्या उबेने बावीस अंश. आतल्या हवेत ७५ टक्के आर्द्रता असेल तर १७ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. पत्रा तर त्याच्या बराच खाली आहे.

म्हणून दुसरी तपासणी: तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर घ्या. ५०० रुपयांच्या आत मिळतो. शक्य असेल तर दोन घ्या, एक वर उशाशी आणि एक पलंगाखाली. रात्री झोपताना आणि सकाळी उठताना आकडा लिहून ठेवा. खणातली आर्द्रता दिवसाही ७०-७५ टक्क्यांच्या खाली येत नसेल तर तिथे बुरशी येणारच, मग गळती असो वा नसो.

गळती की वाफ, याबद्दल शंका उरलीच असेल तर एक सोपी चाचणी आहे. ओल्या वाटणाऱ्या पॅनलवर फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने पक्कं लावा आणि दोन-तीन दिवस राहू द्या. पाणी प्लास्टिकच्या आपल्या बाजूला जमलं तर ती हवेतली वाफ. प्लास्टिकच्या मागे, पॅनलच्या बाजूला जमलं तर पाणी पॅनलमधून येतंय. चिकटपट्टी एका जागीही सुटली तर निकाल ग्राह्य धरू नका.

खणात काय भरलंय ते पाहा

ही तपासणीही फुकटच आहे आणि बऱ्याच गाड्या इथेच सुधारतात. पलंगाखाली ओल्या वस्तू ठेवल्या जातात का? रेनकोट, पोहायचे कपडे, भिजलेली चप्पल, तंबूचं बाहेरचं कापड, दोऱ्या. एक भिजलेला रेनकोट आणि दोन टॉवेल मिळून खणात सहज अर्धा लिटर पाणी घेऊन जातात. ओल्या वस्तूंसाठी मागच्या दाराला लागून वेगळा, खाली निचरा असलेला खोका करा. तो पलंगाखाली उघडू नये.

दुसरं, खण किती ठासून भरलाय? झाकणाच्या खालच्या बाजूपर्यंत बॅगा टेकल्या असतील तर गादीखाली हवा फिरायला वाटच नाही. वरून किमान दोन इंच मोकळे ठेवा. एवढी जागा सोडताना जीवावर येतं, मला माहीत आहे, पण या दोन इंचांमुळे बाकीचे तेरा इंच वापरता येतात.

घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे कोरड्या शहरात चांगले. दमट हवेत भरून बंद केले की आतला दमटपणा आतच राहतो आणि वास डब्यात मुरतो. धान्य, कागदपत्रं, औषधं यांना डबे ठीक. कपडे आणि अंथरुणासाठी मला बाजारातले जाळीचे क्रेट सगळ्यात आवडतात, ज्यातून टोमॅटो येतात तेच. सगळीकडून हवा लागते, एकावर एक बसतात, ओढून काढता येतात, धुता येतात. खणाचं माप ठरवण्याआधी क्रेट विकत आणून मोजा आणि मग सुताराला माप द्या. उलट केलं तर क्रेट अर्ध्या इंचाने अडकतो. जड सामान खाली आणि मागच्या चाकाच्या आसाजवळ ठेवा, अगदी मागच्या टोकाला नको.

कापूर, डांबरगोळ्या यांनी वास झाकला जातो, पाणी जात नाही. सिलिका जेलच्या पुड्या एका खणाच्या मानाने अगदी थोड्या पडतात. कॅल्शियम क्लोराइडचे जे ओलावा शोषणारे डबे मिळतात ते उभ्या, बंद गाडीत उपयोगी आहेत. चालत्या गाडीत ठेवू नका. त्यात जमलेलं पाणी खारट असतं, सांडलं की पत्रा आणि वायरिंगचे जोड खातं.

गादी, तिचं कव्हर आणि खालची फळी

आता थोडा खर्च. आपल्याकडे गाडीतली बैठक रात्री पलंग होते आणि तिच्या गाद्या सीट शिवणाऱ्याकडून रेक्झिनमध्ये शिवून घेतलेल्या असतात. बसायला रेक्झिन सोयीचं, पुसता येतं. पण त्यातून हवा जात नाही. घाम शिवणीतून आत जातो आणि बाहेर पडत नाही. निदान खालची बाजू तरी जाड सुती कापडाची किंवा जाळीच्या कापडाची करून घ्या आणि कव्हरला चेन लावा, म्हणजे काढून धुता येईल. सीट शिवणारा हे काम अर्ध्या दिवसात करतो.

कापसाची गादी ओल पटकन पिते आणि उन्हाशिवाय सोडत नाही. पावसाळ्यात ऊन नाही, म्हणून गाडीत ती नको. फोम किंवा काथ्याची गादी बरी. फोमच्या आतपर्यंत काळे ठिपके गेले असतील तर तो फेकून द्या. वरून धुतला तरी बुरशी आत राहते आणि आपण त्यावर नाक ठेवून झोपतो.

फळीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे सर्वांत जास्त फरक पडतो. गादीखाली अखंड प्लाय असेल तर वाफ गादीतून खाली उतरते, गार प्लायला लागते आणि तिथेच पाणी होते. बरेच जण प्लायला दोन इंची भोकं पाडतात, सहा-सहा इंचांवर. काही नसण्यापेक्षा हे बरं, पण हिशेब केला तर अशी भोकं तळाचा जेमतेम नऊ टक्के भाग उघडा करतात. त्याऐवजी अडीच इंच रुंदीच्या लाकडी पट्ट्या घेऊन मधे दोन इंचांची फट ठेवली तर चाळीस टक्क्यांहून जास्त तळ उघडा राहतो. फट तीन इंचांच्या वर नेऊ नका, फोम त्यात धसतो आणि कंबर दुखते. पट्ट्यांच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक आधार द्या.

प्लायच ठेवायचा असेल तर गादी आणि प्लायच्या मधे हवा खेळेल असं काहीतरी घाला: काथ्याची जाड जाळीदार चटई, किंवा गाद्यांखाली घालायची जाळीची शीट. आणि गादी भिंतीपासून इंचभर दूर ठेवा. भिंतीला दोन उभ्या पट्ट्या ठोकल्या की गादी सरकून परत टेकत नाही. पत्र्याला टेकलेली कड हीच पहिल्यांदा काळी पडते.

बदलायला नवा प्लाय घेत असाल तर आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय घ्या. साधा एमआर (थोडाच ओलावा सोसणाऱ्या) दर्जाचा प्लाय घरातल्या कपाटाला चालतो, गाडीच्या तळाला नाही. आणि कापलेल्या कडा सील करायला सुताराला बजावून सांगा. पाणी कडेतूनच शिरतं.

हवेला दोन वाटा

एक खिडकी पूर्ण उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघडल्या तर हवा चांगली फिरते. छतावर पंखा असेल तर तो बाहेर हवा फेकेल असा रात्रभर मंद चालू ठेवा आणि खालच्या बाजूची एक खिडकी थोडी उघडा. स्वयंपाक करताना तर पंखा हवाच. खिडक्यांवर पावसाची झडप लावली की पावसातही त्या बोटभर उघड्या ठेवता येतात.

खणालाही तशाच दोन वाटा लागतात. वाटेच्या बाजूला खाली एक जाळी, आणि विरुद्ध टोकाला वर एक. एकच जाळी लावून उपयोग नसतो, हवेला आत यायला जागा असते पण जायला नसते. इतकं करूनही खणातला आकडा उतरत नसेल तर वरच्या जाळीवर संगणकात असतो तसा १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा बसवा. तो दोन-तीन वॅट घेतो. रात्रभर चालला तरी बॅटरीतून सुमारे दोन अँपिअर-तास जातात. योग्य फ्यूज लावूनच जोडा.

आता पावसाळ्याची गोष्ट, कारण इथे थंडीतले नियम उलटे होतात. जुलैत कोकणात बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते. अशी हवा २५ अंशांच्या पृष्ठभागालाही पाणी धरते. म्हणजे खिडक्या उघड्या ठेवून गाडी वाळत नाही, बाहेरचा दमटपणाच आत येतो. माणसांची वाफ बाहेर जावी म्हणून रात्री थोडी हवा लागतेच, पण त्याने खण कोरडा होईल ही अपेक्षा धरू नका. अशा दिवसांत गाडी कोरडी होते ती इंजिन चालू असताना हीटर आणि एसी एकत्र लावून, किंवा वीज मिळेल तिथे छोटं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र लावून. त्या वेळी खिडक्या बंद ठेवा आणि खणाची झाकणं उघडी.

आणि एसी. पावसाळ्यात एसी २० वर लावून झोपलात तर गाडीचा तळ आतून गार होतो आणि खालच्या वायरिंगच्या भोकांतून शिरलेली दमट हवा पलंगाखालच्या गार पत्र्यावर पाणी सोडते. लोकांना वाटतं तळ गळतोय. एसी २६ वर ठेवा, आणि तळातून वायरी जिथे वर येतात तिथली भोकं रबरी ग्रॉमेट (भोकात बसणारी कडी) आणि सीलंटने बंद करा. एक अपवाद काळजीपूर्वक लक्षात ठेवा: गॅस सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी ठेवलेलं भोक कधीही बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्याच वाटेने बाहेर जातो. पलंगाखाली लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर तिची बाहेर जाणारी हवेची नळीही तशीच मोकळी हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

ओल घालवायला आत शेगडी किंवा गॅस पेटवू नका. गॅसने पाणी वाढतं हे वर सांगितलंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. कोळशाची शेगडी तर गाडीच्या आत आणूच नका.

टाकी आणि पाइप

पाण्याची टाकी पलंगाखाली असेल तर टाकी भरून त्यात खाण्याचा रंग थोडा टाका. पंप चालवा, बंद करा आणि तासाभराने प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू पेपर दाबून पाहा. रंग दिसला की जागा सापडली. पंप कोणताही नळ उघडा नसताना अधूनमधून एखाद-दुसऱ्या सेकंदासाठी आपोआप चालत असेल तर दाब कुठेतरी उतरतोय. बहुतेक वेळा पंपाच्या तोंडाशी किंवा टाकीच्या झडपेजवळचा क्लिप सैल झालेला असतो. धक्क्यांनी हे होतंच, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी सगळे क्लिप आवळा. चाचणी झाली की टाकी रिकामी करून दोनदा खळखळून धुवा.

टिश्यूवर रंग दिसला नाही, पण टाकीची बाहेरची बाजू ओली आहे, असं असेल तर ते गार पाण्याच्या टाकीला बाहेरून सुटलेलं पाणी आहे. टाकीभोवती नायट्राइल रबराची शीट गुंडाळा.

बाहेरून येणारं पाणी

ही तपासणी दोन माणसांनी करायची. एक बाहेर पाइप घेऊन, एक आत टॉर्च घेऊन. सुरुवात खालून करा: आधी चाकाची कमान, मग मागचे दिवे, मग मागच्या दाराचं रबर, मग खिडक्या, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटं साधी धार सोडा, प्रेशर वॉशर नको. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते समजत नाही. आतून संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर शिंपडा, थेंब जिथून उतरला तिथे रेघ उमटते.

पाणी जिथे दिसतं तिथेच शिरलेलं नसतं. छतावरच्या कॅरिअरच्या बोल्टमधून शिरलेलं पाणी छताच्या रिबवरून (आतल्या आडव्या पट्टीवरून) वाहत मागच्या कोपऱ्यात उतरतं आणि पलंगाखाली दिसतं. माझ्या अनुभवात नेहमी सापडणाऱ्या जागा म्हणजे कॅरिअरचे बोल्ट, मागच्या दिव्यांची गॅस्केट, खिडकी बसवताना कापलेल्या पत्र्याचे कोपरे, आणि मागच्या दाराच्या तळातली निचऱ्याची भोकं मातीने बुजणं. शेवटचं तर तारेच्या तुकड्याने पाच मिनिटांत दुरुस्त होतं.

सील करायला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज चढवतं आणि त्यावर नंतर रंगही बसत नाही. जुनं सीलंट पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसून, सुकवूनच नवं लावा. जुन्यावर नवा थर टिकत नाही.

बुरशी काढताना

गाडीच्या बाहेर, एन९५ मास्क आणि हातमोजे घालून. आधी ओल्या फडक्याने पुसा, कोरडं झटकू नका, बीजाणू हवेत उडतात. मग डिटर्जंटच्या पाण्याने घासा, पुसा आणि उन्हात वाळवा. ब्लीचिंग पावडरचं पाणी लाकडाच्या आत जात नाही, डाग फिका करून बुरशी ठेवतं. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो. घरात दम्याचा पेशंट असेल तर त्याने हे काम करू नये, आणि गाडी पूर्ण वाळेपर्यंत तिच्यात झोपू नये.

पॅनल उघडणं

वरचं सगळं झालं आणि ओल तरीही एकाच भिंतीत राहिली, तर पॅनलच्या मागचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं अस्तर, पाहावं लागतं. आधी दोन सुयांचा लाकडाचा ओलावा मीटर घेऊन संशयाची जागा आणि तशाच प्लायची कोरडी जागा, दोन्ही मोजा. एकट्या आकड्यावर जाऊ नका, भर पावसात चांगला प्लायही १६-१८ टक्के दाखवतो. २० टक्क्यांच्या वर, किंवा शेजारच्या जागेपेक्षा बरंच जास्त असेल तर आत पाणी आहे.

पत्र्याच्या पोकळीत ग्लासवूल भरलेलं असेल तर ते भिजून जड होऊन खाली बसलेलं सापडतं, आणि वरचा पत्रा उघडा. थर्माकोलचे तुकडे असतील तर त्यांच्या आणि पत्र्याच्या मधल्या फटीत पाणी धरतं. गाडीला पत्र्यावर सलग चिकटणारा, पाणी न शोषणारा फोम लागतो: नायट्राइल रबर किंवा क्रॉसलिंक्ड फोम. पत्र्याच्या रिब आणि आत आलेले बोल्ट उघडे राहिले तर पाणी तिथेच धरतं, म्हणून त्यांच्यावरूनही पातळ पट्टी चिकटवा. पॅनल काढताना वायरी कुठून जातात ते आधी पाहा, आणि इन्व्हर्टर व बाहेरून घेतलेली वीज दोन्ही बंद करून, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडूनच स्क्रू काढायला घ्या.

इथे थांबा

गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद, दारं उघडी, कुठलंही बटण दाबायचं नाही, सगळ्यांनी बाहेर, आणि एलपीजीचं काम जाणणारा माणूस. ओल इन्व्हर्टर, २३० व्होल्टच्या वायरिंग किंवा लिथियम बॅटरीपर्यंत गेली असेल तर स्वतः वाळवून परत चालू करू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. फ्यूज परत परत उडत असेल तरीही तेच.

तळाचा किंवा चाकाच्या कमानीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने दाबल्यावर आत जात असेल, किंवा सीटबेल्टच्या बोल्टजवळ गंज असेल, तर ते वेल्डिंगचं काम आहे आणि प्रवाशांच्या जीवाचा प्रश्न आहे. गाडी चांगल्या बॉडी बिल्डरकडे न्या. छताचा जोड उकलला असेल, किंवा छतावरच्या एसीखालचं गॅस्केट बदलायचं असेल, तेही त्यांच्यावरच सोपवा. छतावर नवं भोक पाडण्याआधी, किंवा सीट काढून जास्तीचा खण करण्याआधी, आरटीओत विचारा. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो.

कारागिराकडे जाताना कागदांच्या चाचणीच्या नोंदी, आर्द्रतेचे आकडे आणि डागांचे फोटो घेऊन जा. त्याला पॅनल उघडल्यावर, काहीही भरण्याआधी, तुम्हाला बोलावायला सांगा. भिजलेलं इन्सुलेशन काढून टाकायला हवं, त्यावर नवं चढवायचं नाही. पॅनल लावण्याआधी पत्रा किमान दोन दिवस उघडा वाळू द्या, आणि त्यानंतर त्याच्यासमोर पाण्याच्या धारेची चाचणी पुन्हा करूनच गाडी ताब्यात घ्या.